पीडीएफ उघडते, पण स्क्रीन रीडर गप्प: दुरुस्तीला हात कुठून घालायचा

पीडीएफ उघडली. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणाला, "अलर्ट, एम्प्टी डॉक्युमेंट," आणि गप्प बसला. यानंतर काय होतं ते ठरलेलं आहे. आधी एनव्हीडीए (हाच तो स्क्रीन रीडर) बंद-चालू, मग ॲक्रोबॅट रीडर काढून परत टाकणं, मग एखाद्या मित्राला फोन, "अरे, माझा एनव्हीडीए बिघडलाय." शेवटी घरातल्या डोळस माणसाला हाक, "जरा वाचून दाखवतोस का?" संध्याकाळ जाते आणि फाईल होती तशीच राहते.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: खुद्द फाईलमध्ये, ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा स्क्रीन रीडर आणि त्याच्या आवाजात. ऐकणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतात, उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. स्कॅन केलेल्या फाईलसाठी एनव्हीडीए दहा वेळा टाकला तरी तो बोलणार नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचं. खालचे पहिले तीन टप्पे त्यासाठीच आहेत, तसं सांगितलेलं नसेल तर ते गाळू नका.

मी इथे विंडोज, एनव्हीडीए आणि मोफत मिळणारा ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर धरून चाललो आहे. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरची कळ वेगळी असेल तिथे सांगितली आहे. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तुम्ही जी ठेवली असेल ती.

## १. तयारी

फाईल उतरवून घ्या. व्हॉट्सॲप वेबवर किंवा मेलमध्ये अटॅचमेंटवर नुसतं एंटर दाबलं की पीडीएफ बहुधा ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडते. मग तुम्ही ॲक्रोबॅटच्या सेटिंग बदलत बसता आणि त्यांचा त्या टॅबशी काही संबंध नसतो. फाईल आधी एका फोल्डरमध्ये सेव्ह करा, तिची एक प्रत काढून नावापुढे "मूळ" लिहा आणि त्या प्रतीला हात लावू नका. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करताना, पासवर्ड काढताना किंवा फॉर्म भरताना फाईल खराब झाली तर हीच प्रत कामाला येते.

कशात उघडली आहे ते ऐका. एनव्हीडीए की अधिक टी, जॉजमध्ये इन्सर्ट अधिक टी. खिडकीचं शीर्षक बोललं जातं. त्यात "क्रोम" किंवा "एज" आलं तर टॅब बंद करा, फोल्डरमध्ये फाईलवर शिफ्ट अधिक एफ१० दाबा, "ओपन विथ"मधून ॲक्रोबॅट निवडा. ब्राउझर वाईट असतो असं नाही. एखादं दोन पानी लाईट बिल क्रोममध्ये झटकन वाचून होतं. पण निदान करताना एकाच सॉफ्टवेअरमध्ये राहा.

क्रम पाळा. आधी स्क्रीन रीडर, नंतर ॲक्रोबॅट. ॲक्रोबॅट आधीच उघडा असेल तर तो पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. नुसती फाईल बंद करून उपयोग नाही.

एक चाचणी फाईल बनवून ठेवा. हे एकदाच करायचं काम आहे आणि याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. वर्डमध्ये चार ओळी लिहा: एक मथळा हेडिंग १ स्टाईलमध्ये, दोन ओळी मराठी, एक इंग्रजी. मग "सेव्ह ॲज"मधून पीडीएफ निवडा, "ऑप्शन्स"मध्ये जाऊन "डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी" या चौकोनावर खूण आहे याची खात्री करा आणि "चाचणी" नावाने साठवा.

> तपासा: आता चाचणी फाईल ॲक्रोबॅटमध्ये उघडा. ती नीट वाचली गेली, एच दाबल्यावर मथळ्यावर गेली, तर तुमचं सॉफ्टवेअर आणि स्क्रीन रीडर दोन्ही ठणठणीत आहेत. दोष बहुधा समोरच्या फाईलमध्ये आहे, टप्पा २ वर जा. चाचणी फाईलसुद्धा गप्प असेल तर दोष तुमच्या संगणकात आहे. टप्पा २ आणि ३ सोडून थेट ४ वर जा.

## २. नोटपॅडची चाचणी

पीडीएफमध्ये खरा मजकूर आहे की नुसतं चित्र, हे कळायला नोटपॅड पुरतो. फक्त क्रम चुकवू नका, नाहीतर निकाल खोटा येतो.

१. नोटपॅड उघडून "रिकामं" हा शब्द लिहा, निवडा आणि कंट्रोल अधिक सी करा.

२. पीडीएफमध्ये जा. एनव्हीडीए की अधिक एफ२ दाबा, म्हणजे पुढची कळ थेट ॲक्रोबॅटला मिळते. लगेच कंट्रोल अधिक ए. जॉजमध्ये एफ२ ऐवजी इन्सर्ट अधिक ३.

३. परत एनव्हीडीए की अधिक एफ२, मग कंट्रोल अधिक सी.

४. नोटपॅडमध्ये नवीन ओळीवर कंट्रोल अधिक व्ही. एका पानापुरताच मजकूर आला तरी निदानाला तेवढा पुरे.

पहिली पायरी उगाच सांगितलेली नाही. कॉपी झालीच नाही तर क्लिपबोर्डवर सकाळचा एखादा मेल पडलेला असतो, तोच चिकटतो, आणि माणूस "मजकूर येतोय की!" म्हणत भलत्याच वाटेला लागतो. "रिकामं" परत चिकटलं तर समजायचं, काहीही कॉपी झालेलं नाही.

आता काय चिकटलं ते बाण-कळेने एकेक अक्षर ऐका.

- "रिकामं"च परत आलं: बहुतेक स्कॅन आहे. टप्पा ३ मधली परवानगी पाहून टप्पा ५.
- मराठी फाईल, पण इंग्रजी अक्षरांची खिचडी आली: जुना फॉन्ट किंवा चुकीचं ओसीआर. टप्पा ६.
- देवनागरी आली, पण वेलांट्या-जोडाक्षरं विस्कटलेली: टप्पा ७.
- मजकूर स्वच्छ आला: फाईल चांगली आहे, वाचन सेटिंगमुळे अडलंय. टप्पा ४.

> सावधान: बँक स्टेटमेंट, आधार, भाडेकरार, वैद्यकीय रिपोर्ट यांची चाचणी झाली की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. विंडोज ११ चा नोटपॅड न साठवलेला मजकूरही पुढच्या वेळी परत उघडतो, म्हणून तो टॅब बंद करताना "डोन्ट सेव्ह" निवडायला विसरू नका.

## ३. फाईलची जन्मपत्रिका: कंट्रोल अधिक डी

ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल अधिक डी दाबलं की डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडतात. कंट्रोल अधिक टॅबने एकेका पानावर जा. बघायच्या गोष्टी तीनच.

डिस्क्रिप्शन पानावर "टॅग्ड पीडीएफ" पुढे येस आहे की नो. नो असेल तर मथळे, तक्ते, वाचनाचा क्रम यातलं काहीच फाईलमध्ये नाही, ॲक्रोबॅटला ते अंदाजाने ठरवावं लागतं. येस असलं म्हणून फार हुरळून जाऊ नका, टॅग चुकीचे लावलेल्या फायली ढिगाने सापडतात.

सिक्युरिटी पानावर "कंटेंट कॉपीइंग फॉर ॲक्सेसिबिलिटी" म्हणून ओळ असते. तिथे "नॉट अलाउड" असेल तर फाईल बनवणाऱ्याने स्क्रीन रीडरचीच वाट बंद केली आहे. तुमच्या बाजूला करण्यासारखं काही नाही, थेट टप्पा १० पाहा. याच पानावर नुसतं "कंटेंट कॉपीइंग" नॉट अलाउड आणि ॲक्सेसिबिलिटीवालं अलाउड असंही असतं. तसं असेल तर नोटपॅडच्या चाचणीत "रिकामं" येणारच, पण फाईल स्कॅन नसेलही. अशा वेळी टप्पा ४ आधी करून बघा.

फॉन्ट्स पानावर फॉन्टची नावं. यादी पूर्ण रिकामी असेल तर पानावर नुसतं चित्र आहे, शंका उरत नाही. कृती देव, डीव्ही-टीटी, श्री-देव अशी नावं ऐकू आली तर दुखणं टप्पा ६ चं.

## ४. मजकूर आहे, तरी गप्प

इथे आलात म्हणजे फाईल निर्दोष आहे किंवा तुमची चाचणी फाईलच बोलत नाहीये. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक बदलानंतर वाचून बघा. चार सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर परत पहिल्यापासून.

१. नुसतं थांबा. टॅग नसलेली मोठी फाईल उघडली की ॲक्रोबॅट आधी मजकूर तयार करतो. तेवढ्या वेळात एनव्हीडीए "एम्प्टी डॉक्युमेंट" म्हणू शकतो. फाईल जाड असेल तर मिनिटभर कळांना हात लावू नका.

२. "रीडिंग अनटॅग्ड डॉक्युमेंट" खिडकीला कॅन्सल करू नका. सवयीने एस्केप दाबणारे बरेच असतात. ही खिडकी वाचनाचा क्रम विचारते. पहिला पर्याय, म्हणजे "इन्फर रीडिंग ऑर्डर", ठेवून "स्टार्ट" दाबा. एस्केप दाबलात तर मजकूर तयारच होत नाही.

३. फोकस कुठे आहे? ॲक्रोबॅटच्या उजव्या-डाव्या पट्ट्या फोकस पळवतात. एफ६ दाबत दाबत कागदपत्राच्या भागात या, मग एनव्हीडीए की अधिक खालचा बाण.

४. वाचनाची सेटिंग. कंट्रोल अधिक के, डावीकडच्या यादीत "रीडिंग". नव्या ॲक्रोबॅटमध्ये मेनू इकडचे तिकडे झाले आहेत, कंट्रोल अधिक के मात्र अजून तेच आहे. इथे "पेज व्हर्सेस डॉक्युमेंट" पर्याय पाहा. मोठ्या फाईलचं फक्त समोर दिसणारं पानच स्क्रीन रीडरला द्यायचं, अशी सोय असते आणि मोठी म्हणजे मुळात ५० पानांच्या वरची. "पुस्तक एका पानानंतर थांबतं" आणि "एनव्हीडीएच्या शोधात शब्द सापडत नाही" या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. १०० पानांचं पुस्तक असेल तर "रीड द एन्टायर डॉक्युमेंट" करा. ५०० पानांचं असेल तर तसं करू नका, संगणक बसेल. ते पानापानाने वाचा: कंट्रोल अधिक पेज डाऊनने पुढचं पान, कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक एनने हव्या त्या पानावर.

५. क्रम उलटसुलट असेल तर. वर्तमानपत्रासारखे दोन-तीन स्तंभ असले की डाव्या स्तंभाची ओळ आणि उजव्या स्तंभाची ओळ एकात एक येतात. त्याच रीडिंग पानावर "लेफ्ट टू राइट, टॉप टू बॉटम" निवडलेलं असेल तर हे होणारच, "इन्फर" करा. तरी सुधारलं नाही तर "रॉ प्रिंट स्ट्रीम". फाईल टॅग्ड असूनही क्रम चुकत असेल तर "ओव्हरराइड द रीडिंग ऑर्डर इन टॅग्ड डॉक्युमेंट्स" हा चौकोन तेवढ्यापुरता लावा. काम झाल्यावर काढा, नाहीतर उद्या नीट टॅग केलेली फाईलही तो बिघडवेल.

६. प्रोटेक्टेड मोड. सगळं करून चाचणी फाईलसुद्धा बोलत नसेल तरच इथे या. कंट्रोल अधिक के, "सिक्युरिटी एनहान्स्ड", "एनेबल प्रोटेक्टेड मोड ॲट स्टार्टअप"वरची खूण काढा, ॲक्रोबॅट बंद करून उघडा.

> सावधान: प्रोटेक्टेड मोड हे घातक फाईलपासूनचं संरक्षण आहे. तो बंद ठेवून अनोळखी मेलमधली पीडीएफ उघडू नका. फरक पडला नाही तर लगेच परत चालू करा. फरक पडला तर ॲक्रोबॅट आणि एनव्हीडीए दोन्ही अपडेट करा, मग तो चालू करून पुन्हा बघा.

## ५. पान म्हणजे चित्र: ओसीआर

सोसायटीचं सर्क्युलर, क्लासच्या झेरॉक्स नोट्स, शिक्का मारलेली पत्रं या सगळ्यांची गत हीच. चित्रातली अक्षरं ओळखावी लागतात.

फाईल इंग्रजी असेल तर स्क्रीन रीडरचं स्वतःचं ओसीआर पुरतं. जॉजमध्ये इन्सर्ट अधिक स्पेस, मग ओ, मग डी, म्हणजे पूर्ण कागदपत्र. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए की अधिक आर. हा मात्र पडद्यावर दिसेल तेवढंच ओळखतो, म्हणून आधी कंट्रोल अधिक ० दाबून पूर्ण पान पडद्यात आणा. "कंटेंट इज नॉट व्हिजिबल" आलं तर नॅव्हिगेटर, म्हणजे एनव्हीडीए पडद्यावरच्या ज्या भागाकडे बघतोय तो, दुसरीकडेच अडकलाय: एनव्हीडीए की अधिक नमपॅडचं वजा, लॅपटॉप मांडणीत बॅकस्पेस, मग पुन्हा आर. आणि हो, स्क्रीन कर्टन (इतरांना दिसू नये म्हणून पडदा काळा करणारी सोय) चालू असेल तर एनव्हीडीएचं ओसीआर चालत नाही. बँकेत किंवा ऑफिसात चार लोकांत बसून काम करणारे कर्टन लावून विसरतात.

फाईल मराठी असेल तर एनव्हीडीए की अधिक आरवर वेळ घालवू नका. ते विंडोजच्या ओसीआरवर चालतं आणि देवनागरीच्या कामाला ते येत नाही. दोन वाटा आहेत.

*गूगल ड्राइव्ह.* फाईल ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर संदर्भ मेनू उघडा, "ओपन विथ", "गूगल डॉक्स". मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. फाईल २ एमबीच्या आत असावी असं गूगलच सांगतं, म्हणून मोठ्या फाईलचे तुकडे करा. तक्ते आणि स्तंभ मोडतात, ते गृहीत धरा.

*टेसरॅक्ट.* मोफत आहे, तुमच्याच संगणकावर चालतं, फाईल बाहेर जात नाही. मराठीची भाषा-फाईल वेगळी घ्यावी लागते. आपली कागदपत्रं कधीच निव्वळ मराठी नसतात, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र लावा. टेसरॅक्ट पीडीएफ थेट घेत नाही, चित्रं घेतो. ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन ते काम सांभाळून शोधता येणारी पीडीएफ परत देतं. कमांड लाइनची भीती वाटत नसेल तर पुस्तकांसाठी मी हाच रस्ता सांगेन.

> सावधान: "फ्री ओसीआर ऑनलाइन" म्हणून शोधल्यावर येणाऱ्या साइटवर आधार, पॅन, बँक किंवा दवाखान्याची कागदपत्रं चढवू नका.

स्कॅन तुम्हीच करून घेणार असाल तर अर्धी लढाई झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर जिंकता येते. दादर स्टेशनबाहेर गर्दीच्या वेळी तो दोन पानं एकदम काचेवर उघडी ठेवून झटकन उरकतो, आणि मधली घडी सगळ्या ओळी वाकड्या करते. स्पष्ट सांगा: "दादा, ३०० डीपीआय, ग्रे स्केल, एका वेळी एकच पान, सरळ." चार पैसे जास्त पडले तरी पडू देत.

पुस्तक स्कॅनला देण्याआधी ते कुणी आधीच केलंय का ते बघा. सुगम्य पुस्तकालय हे त्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. मुंबईत वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र इथेही विचारता येतं. स्वतःच्या वाचनासाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीपासून मोकळीक दिली आहे, त्यामुळे प्रकाशकाच्या भीतीने अडून राहू नका.

## ६. मराठीच्या जागी इंग्रजी खिचडी

इंग्रजी पीडीएफसाठी लिहिलेल्या सूचनांत हा टप्पा नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. डोळ्यांना "आणि" दिसतं, फाईलमध्ये मात्र व्ही, के, एफ, डॉट, के असतं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून तो बरळल्यासारखा वाटतो. हा कृती देवचा नमुना. त्यात "मराठी" हा शब्द ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा येतो. छपाईच्या कामात असे फॉन्ट अजून सर्रास वापरले जातात, त्यामुळे गेल्या आठवड्यात बनलेल्या फाईलमध्येही हे निघू शकतं.

पण खिचडीची दुसरीही एक जात असते. स्कॅनरने मराठी पानावर इंग्रजी ओसीआर चालवलेलं असतं आणि चित्राखाली निरर्थक अक्षरं भरलेली असतात. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून ओळख पटवा:

- जुन्या फॉन्टमध्ये एक शब्द दर वेळी तसाच येतो. नोटपॅडमध्ये कंट्रोल अधिक एफने व्ही के एफ डॉट के शोधा. पानात पाच-सात वेळा सापडलं तर फॉन्ट कृती देवच.
- चुकीच्या ओसीआरमध्ये तोच शब्द दर वेळी वेगळा येतो.

ओसीआरची चूक असेल तर आतला मजकूर विसरा आणि टप्पा ५ प्रमाणे मराठी ओसीआर करा. ओसीआरमायपीडीएफ वापरत असाल तर जुना थर टाकून नव्याने ओळखायला सांगावं लागतं, नाहीतर "पानावर मजकूर आहे" म्हणून ते काम नाकारतं.

जुना फॉन्ट असेल तर मजकूर कॉपी करून त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमध्ये घाला. त्याच फॉन्टच्या, हे महत्त्वाचं. श्री-लिपीचा (श्री-देव फॉन्टचा) मजकूर कृती देवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर एका खिचडीची दुसरी खिचडी होते, आणि ती देवनागरीत असल्यामुळे जास्त फसवी. फॉन्टचं नाव टप्पा ३ मध्ये मिळालेलं आहेच.

> तपासा: रूपांतरानंतर एक परिच्छेद अक्षर-अक्षर ऐका. रफार योग्य अक्षरावर आहे का, पहिली वेलांटी, क्ष-ज्ञ-श्र. मधले इंग्रजी शब्द, मेल पत्ते आणि आसन क्रमांक हमखास बिघडतात, कारण कन्व्हर्टर त्यांनाही मराठीच समजतो. तारखा आणि रकमा कुणाकडून तरी मूळ फाईलशी पडताळून घ्या.

कन्व्हर्टरने काहीच जमेना तर फाईलमध्ये फॉन्टचे आकार मनमानी क्रमाने भरलेले असू शकतात. त्याच्या मागे लागू नका. पानाचं चित्र करून मराठी ओसीआर करणं लवकर होतं.

## ७. देवनागरी आहे, पण उच्चार मोडके

आधी आवाज की फाईल, ते ठरवा. नोटपॅडमध्ये "शिक्षण" असा शब्द स्वतः टंकून ऐका, मग पीडीएफमधून आलेला ऐका. तुम्ही टंकलेला नीट बोलला गेला आणि फाईलमधला नाही, तर दोष फाईलचा. बाण-कळेने पाहिलंत तर पहिली वेलांटी श च्या आधीच येऊन बसलेली सापडेल. कागदावर ती आधी दिसते, पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने दिसतं तसंच भरलं. वर्डमध्ये उघडून हे सुटत नाही. मूळ फाईल किंवा ओसीआर, दोनच उपाय.

स्वतः टंकलेला शब्दही नीट येत नसेल तर आवाज बदला. एनव्हीडीए की अधिक कंट्रोल अधिक व्ही, म्हणजे स्पीच सेटिंग. ई-स्पीक एनजी एनव्हीडीएसोबतच येतं, त्यात मराठी आहे. कानाला कोरडं लागतं, पण अक्षर गाळत नाही. इंग्रजी आवाज लावलेला असेल तर देवनागरी ओळी चक्क गाळल्या जाऊ शकतात, आणि माणसाला वाटतं की पान कोरं आहे. फाईलमध्ये भाषा "इंग्लिश" अशी चुकीची नोंदलेली असेल तर "ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग" बंद करून वाचा.

## ८. फॉर्म, तक्ते, पासवर्ड

"प्लीज वेट" वर अडकलेला फॉर्म. ब्राउझरमध्ये उघडलं की "प्लीज वेट" अशी सूचना आणि पुढे काही नाही. इंटरनेटला दोष देऊ नका. हा एक्सएफए जातीचा फॉर्म आहे आणि तो बहुतेक ब्राउझरमध्ये उघडतच नाही. उतरवा, ॲक्रोबॅटमध्ये उघडा.

नुसतं "एडिट, एडिट". रकान्यांना नावं दिलेली नाहीत. टॅबने भरत सुटू नका. एनव्हीडीए की अधिक स्पेसने ब्राउझ मोडमध्ये (जिथे बाण-कळांनी नुसतं वाचत फिरता येतं) या, बाणाने रकान्याच्या वरची-आधीची ओळ वाचा, खात्री पटली की एंटर, भरा, परत ब्राउझ मोड. भरून झालं की सेव्ह करा, बंद करा, परत उघडून सगळे रकाने ऐका. ई दाबूनही एकही रकाना सापडत नसेल तर तो भरता येण्यासारखा फॉर्म नाही, बहुधा कागदी फॉर्मचा नुसता फोटो आहे. वर्डची फाईल मागा.

तक्ते. टीने तक्त्यावर, कंट्रोल अधिक ऑल्ट अधिक बाणांनी रकान्यांत. बँक स्टेटमेंट टॅग्ड नसेल तर जमा कुठली आणि नावे कुठली हे ऐकून खात्रीने सांगता येत नाही. नेट बँकिंगमध्ये एक्सेल किंवा सीएसव्हीचा पर्याय असेल तर तोच घ्या.

पासवर्ड. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. बरोबर टाकूनही नाकारला जात असेल तर बघा: तुम्ही कॅप्स लॉक ही एनव्हीडीए की ठेवली आहे का? तसं असेल तर एकदा दाबून कॅपिटल होत नाही, पटकन दोनदा दाबावी लागते. त्यापेक्षा शिफ्ट धरून टंका. रकान्यात ऐकू येतं फक्त "स्टार", त्यामुळे ही चूक कानाला कळत नाही.

## ९. फोनवर

टॉकबॅकने (अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर) ग्रुपवरची पीडीएफ गप्प निघाली तर दुसऱ्या ॲपमध्ये एकदा उघडून बघा. तरी गप्प तर ती स्कॅन आहे असं धरा आणि ड्राइव्हचा रस्ता घ्या. कागद हातात असेल तर गूगलच्या लुकआउट ॲपमधला डॉक्युमेंट्स मोड बघा. लोकलमध्ये उभ्याने यापेक्षा जास्त काही होत नाही, बाकीचं घरी संगणकावर.

## १०. मूळ फाईल मागा

खरं तर स्कॅन दिसताक्षणी, ओसीआर चालू असतानाच, हा निरोप टाकून द्यावा. "ॲक्सेसिबल पीडीएफ पाठवा" असं लिहू नका, समोरच्याला कळत नाही आणि तो तीच फाईल परत पाठवतो. त्याच्याकडे जे नक्की आहे ते मागा:

"नमस्कार काका. काल ग्रुपवर टाकलेलं मेंटेनन्सचं सर्क्युलर स्कॅन केलेलं असल्यामुळे माझ्या संगणकावर वाचता येत नाही. ज्या वर्ड फाईलवरून तुम्ही प्रिंट काढली, ती तशीच मला पाठवाल का? सही-शिक्का नसला तरी चालेल."

कॉलेज किंवा सरकारी कार्यालय असेल तर मेलवर लिहा, फाईलचं नाव आणि पान क्रमांक द्या, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ चा उल्लेख करा. इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा याची जबाबदारी ते कलम शासनावर टाकतं. तोंडी सांगितलेलं टेबलावरचा माणूस बदलला की संपतं.

पाठवणारा पीडीएफच देणार असेल तर त्याला दोन वाक्यं लिहून पाठवा. वर्डमध्ये "सेव्ह ॲज" करून पीडीएफ निवडा, "प्रिंट"मध्ये जाऊन "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" करू नका, कारण त्यात टॅग निघून जातात. आणि सहीची प्रत दप्तरासाठी हवीच असेल तर स्कॅन आणि वर्ड, दोन्ही फायली एकाच मेलला जोडा.